केडगावच्या माळावरचं स्वावलंबन

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी उरुळी, यवत, खुटबाव मागे टाकते आणि मग केडगाव येतं. दौंड जंक्शन अजून पुढे असतं. आज या पट्ट्यात कालव्याचं पाणी आहे, उसाचे फड आहेत, गुऱ्हाळं आहेत, बाजारात कांद्याच्या राशी आहेत. एकोणिसाव्या शतकात यातलं फारसं काही नव्हतं. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची काळी जमीन सोडली, तर हा मुलूख पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीवर जगणारा. पावसाने दगा दिला की शेतकऱ्याला सावकाराचं दार गाठावं लागे. केडगाव तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत होतं. याच तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली आणि कर्जरोख्यांची होळी केली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेला हा उठाव बघता बघता शेजारच्या शिरूर तालुक्यात आणि पुढे नगर जिल्ह्यात पोचला. सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली शेतकऱ्यांना सावकारी पाशातून थोडीफार सुटका देणारा कायदा केला. पण राबणाऱ्या माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन नसेल आणि हातात स्वतःचं कसब नसेल, तर तो कुणाच्या तरी मेहेरबानीवरच जगणार, हे या मुलखाने सगळ्या देशाला दाखवून दिलं.

त्यानंतर साधारण वीस वर्षांनी याच मुलखात, केडगाव स्टेशनाजवळ, एका विधवेने शंभरेक एकर जमीन घेतली. त्यांचं नाव पंडिता रमाबाई. तोवर त्यांची कीर्ती कलकत्त्यापासून बोस्टनपर्यंत गेली होती. १८८९ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर होत्या, त्यांत त्या होत्या. स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नावर सरकारी आयोगापासून अमेरिकेतल्या सभागृहांपर्यंत त्यांचा शब्द ऐकला जाई. अशी बाई पुणे शहर सोडून या कोरड्या माळावर कशाला आली, या प्रश्नाचं उत्तर शोधताना रमाबाईंचे स्वावलंबनाविषयीचे, नीतीविषयीचे आणि श्रद्धेविषयीचे विचार एकत्रच हाती लागतात. त्यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्यातलं बरंचसं धर्मांतराच्या एका घटनेभोवती घुटमळत राहतं. मला त्यांच्या आयुष्याचं सूत्र त्याच्याही आधी, त्यांच्या तरुणपणी दिसतं. आपल्या मनाचा लगाम दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, आणि तो आपल्या हाती ठेवायचा तर आपली भाकरी आपल्याला कमावता आली पाहिजे, हे ते सूत्र.

ते त्यांना पुस्तकात सापडलं नव्हतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणभर फिरलं. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपला, आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना गाठलं. घरातल्या सगळ्यांना शास्त्रं येत होती, पण पोटाला चार दाणे मिळवून देईल असं एकही काम कुणाला येत नव्हतं. येत असतं तरी ब्राह्मण्याच्या अभिमानाने ते करू दिलं नसतं. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात हे अतिशय स्पष्टपणे लिहून ठेवलं आहे. वडील गेले, मागोमाग आई गेली, थोरली बहीण गेली. आईला नेताना खांदेकरी पुरेसे मिळेनात, तेव्हा रमाबाई स्वतः त्यांत सामील झाल्या. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला.

हा प्रसंग मी केवळ करुण म्हणून सांगत नाही. विद्या आहे, भक्ती आहे, आचार शुद्ध आहे, आणि तरीही माणसं अन्नावाचून मरतात, हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्यांनी जी जी संस्था काढली, तिथे पोथीइतकंच हाताच्या कामाला स्थान मिळालं, त्याची मुळं इथे आहेत.

भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भटकत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ वारला. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले होते. मुलगी मनोरमा एप्रिल १८८१ मध्ये जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचं पटकीने निधन झालं. चोविसाव्या वर्षी कडेवर तान्हं मूल घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. आज ते वाचताना अडखळायला होतं. भाषा संस्कृतप्रचुर आहे, आणि बायकांच्या अज्ञानाचा दोष बऱ्याच ठिकाणी बायकांच्याच माथी मारलेला आहे. पतिव्रताधर्म, गृहकृत्यं, मुलांचं संगोपन हे विषय त्या काळच्या साच्यातच येतात. पण पुस्तकाच्या पायातला दगड मात्र वेगळा आहे. नीतीचं पुस्तक तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे आज्ञापालनापासून सुरू व्हायला हवं होतं. रमाबाई सुरुवात करतात ती स्वावलंबनापासून. स्वतःवर आणि ईश्वरावर भिस्त ठेवून उद्योग करणं हा सगळ्या उन्नतीचा पाया, आणि तो व्यक्तीला लागतो तसा राष्ट्रालाही लागतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परतंत्र देशात, परतंत्र मानलेल्या स्त्रीजातीपुढे, चोवीस वर्षांची विधवा हे मांडत होती. पुढे याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. पुस्तकातल्या पहिल्याच तत्त्वाची परीक्षा पुस्तकानेच अशी दिली.

त्याच १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात त्यांची साक्ष झाली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार करा, तपासणीसही स्त्रियाच नेमा, आणि बायकांना वैद्यकीचं शिक्षण द्या, कारण पुरुष डॉक्टरपुढे जायला लाजणाऱ्या शेकडो बायका उपचाराविना मरतात, हे त्यांनी तिथे सांगितलं. इथे त्यांचा नीतीविचार एकदम व्यवहारावर उतरतो. बाईची लाज जपायची असेल तर तिच्यासाठी बाई डॉक्टर हवी. उपदेशाने तो प्रश्न सुटत नाही.

स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते स्वप्न तिथेच संपलं. वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या जोगिणींच्या संस्थेत त्या राहिल्या, पण पाहुणी म्हणून फुकट राहायचं नव्हतं. पुण्याला जाणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात आपला खर्च भागवायचा, असा व्यवहार ठरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात यावर वादळ उठलं. स्वधर्म सोडला, विश्वासघात केला, अशी टीका झाली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. ज्या धर्मग्रंथांत स्त्रीशूद्रांना जागा नाही ते वाचून जागी झालेल्या बाईने दुसरा रस्ता धरला तर नवल काय, असा त्यांचा रोख होता. पण इकडे पुण्यात रमाबाई परक्यांच्या आहारी गेल्या अशी ओरड चालू असताना तिकडे वाँटेजमध्ये नेमकी उलटी तक्रार होती. ही बाई कुणाचंच ऐकत नाही! त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि माझ्या मते भारतीय स्त्रीच्या हातून घडलेल्या वैचारिक लढतींत त्याचं स्थान फार वरचं आहे. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, तर तो केवळ चर्च सांगतं म्हणून का मानायचा? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या बांधवांना कळेल अशा संस्कृतात ती का नकोत? पुडिंगमध्ये अंडी असतील तर मी खाणार नाही, यात तुम्हाला माझा जातीचा अहंकार दिसतो, पण तुमच्या चालीरीतींना तुम्ही काय म्हणता? चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी शिकवावं की नाही, त्यांच्या वर्गात पुरुष विद्यार्थी असावेत की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातले बिशप करू लागले, तेव्हा रमाबाईंनी तेही खपवून घेतलं नाही. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला होता. पाद्र्यांची ताबेदारी त्यांनी स्वीकारलेली नव्हती. सदसद्विवेक ईश्वराने मला दिला आहे, तो मी दुसऱ्याच्या स्वाधीन करणार नाही, ही त्यांची भूमिका पत्रापत्रांतून पुन्हा पुन्हा येते.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं रमल्या. बालवाडीची नवी शिक्षणपद्धती शिकल्या, देशभर व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक आलं. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदू विधवांसाठीच्या शाळेला दहा वर्षं खर्च पुरवायचा, आणि शाळेत धर्माचा आग्रह धरायचा नाही, या बोलीवर. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं.

पुण्यातली ती तीन वर्षं रमाबाईंच्या चरित्रातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्यात कुणा एका बाजूला पूर्ण न्याय देता येत नाही. सदनात हिंदू मुलींना त्यांचे आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. मुली येऊन बसू लागल्या. मी त्यांना बोलावत नाही, पण हाकलूनही देणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. पालकांनी मुली ज्या भरवशावर पाठवल्या तो भरवसा मोडला, असं विरोधकांचं म्हणणं. ‘केसरी’ने रान उठवलं. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या उघड्या दारात फसवणूक नव्हती, असं मला वाटतं. पण दहा-बारा वर्षांच्या, घरादारातून तुटलेल्या मुलीच्या मनावर आश्रयदात्या बाईच्या श्रद्धेचं किती वजन पडत असेल, याचा हिशेब त्यांनी पुरेसा मांडला नाही, असंही वाटतं. स्वतःच्या मनाच्या स्वातंत्र्यासाठी बिशपांशी भांडणाऱ्या बाईकडून ती अपेक्षा करायचा आपल्याला हक्क आहे.

या कलहातूनच केडगाव आलं. १८९३ नंतर रमाबाईंना दोन गोष्टी दिसत होत्या. पुण्यातला आधार गेला होता, आणि अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती. मग सदनाला उत्पन्नाचं स्वतःचं साधन हवं, म्हणून त्यांनी जमीन शोधली. कल्पना साधी होती: फळबाग लावायची, विहिरी खणायच्या, भाजीपाला नि दूधदुभतं घरचं करायचं, आणि उत्पन्नातून मुलींचं शिक्षण चालवायचं. केडगावची जमीन स्वस्त होती आणि रेल्वे दाराशी होती. अशा प्रयत्नाची हवा त्या भागात आधीपासून थोडी होती. उत्तरेला शिरूरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं केंद्र होतं, आणि तिथेही हाताच्या उद्योगांचं शिक्षण दिलं जाई. पण रमाबाईंची वसाहत कुठल्या मिशनच्या मालकीची नव्हती. ती एका भारतीय बाईने चालवलेली होती, हा फरक लहान नाही.

बाग धरायच्या आतच दुष्काळ आला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती, आणि पोरक्या मुलींना पळवून नेणारे दलाल अन्नछत्रांभोवती फिरत होते. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या गेल्या आणि तीनशेच्या घरात मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते आणि इतक्या लोकांना शहरात आणायला परवानगी नव्हती. त्यामुळे बागेसाठी घेतलेल्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. फळांसाठी घेतलेली जमीन माणसांसाठी वापरावी लागली. प्लेगच्या त्याच धामधुमीत, पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली आणि गव्हर्नरच्या सरकारची नाराजी ओढवून घेतली. ख्रिस्ती झालेली बाई सरकारच्या बाजूने बोलेल, हा समज त्यांनी त्या पत्राने खोटा पाडला.

१८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही शेकडो मुली आल्या, आणि वसाहतीची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्या काळात तालुक्यातल्या बहुतेक खेड्यांपेक्षा ही वस्ती मोठी होती. शारदा सदन इथेच आलं. फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. दुसरीकडे अशा बाईला ‘पतित’ म्हणून दार बंद होत असे. इथे तिच्या भूतकाळाचा हिशेब न मागता तिला काम दिलं जाई. आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर होतं. ब्रेल शिकून आलेल्या मनोरमेने त्यांना बोटांनी वाचायला शिकवलं, आणि टोपल्या-चटया विणण्यासारखी कामंही त्यांना दिली जात.

मुक्तीतला दिवस शाळा आणि काम यांत विभागलेला असे. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दळण, गायीगुरं, शेत, भटारखाना. ‘दुष्काळातली पोर’ म्हणून आलेली मुलगी चार-पाच वर्षांत शिक्षिका किंवा परिचारिका होई, नाहीतर मागावर बसून लुगडं काढू लागे. कितीतरी मुली खालच्या मानलेल्या जातींतल्या होत्या, काही ब्राह्मण होत्या, आणि सगळ्या एकाच पंगतीला बसत. ज्या घरात कामाची लाज वाटल्यामुळे माणसं उपाशी मेली, त्या घरातल्या मुलीने उभ्या केलेल्या वस्तीत कुठलंच काम हलकं मानलं जात नव्हतं. रमाबाईंच्या नीतिशास्त्राचा गाभा मला इथे सापडतो. जी बाई चार पैसे कमावू शकते तिला कुणी विकत घेऊ शकत नाही, आणि जिला विकत घेता येत नाही तिचंच चारित्र्य तिच्या मालकीचं असतं. बाकी सगळे उपदेश त्यांना यानंतरचे वाटत.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १८९० च्या दशकात रमाबाईंच्या श्रद्धेला नवं वळण मिळालं. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांची चरित्रं त्यांनी वाचली. ही माणसं कुणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर संस्था चालवत. अमेरिकन मदतीची मुदत संपल्यावर रमाबाईंनीही ठरावीक वर्गणीच्या हमीपेक्षा देवावर हवाला ठेवायचं ठरवलं. देणग्या परदेशांतून येतच राहिल्या. दोन हजार तोंडांचं पोट केडगावच्या कोरडवाहू शेतीवर भरणं शक्यच नव्हतं. मग हे स्वावलंबन कसलं? घाणा आणि माग चालवणाऱ्या बाईने ‘देव देईल’ म्हणणं हा विसंवाद नव्हे काय?

मी यावर पुष्कळ विचार केला आणि रमाबाईंची बाजू मला अशी दिसते. १८८२ च्या पुस्तकातही स्वावलंबनाच्या व्याख्येत ईश्वर होताच. त्यांना टाळायची होती ती माणसाची ताबेदारी. बोस्टनच्या मंडळाने अटी घातल्या होत्या, पुण्याच्या मंडळींनी अटी घातल्या होत्या, वाँटेजच्या संस्थेने घातल्या होत्या. प्रत्येक अट आपापल्या परीने योग्यही असेल. पण प्रत्येक वेळी पैशाबरोबर एक हात यायचा आणि तो मनापर्यंत पोचायचा. नवसागणिक वसूल न करणारा एकच दाता त्यांना दिसला. म्हणून देवावरचं परावलंबन हा त्यांच्या हिशेबी माणसांपासूनच्या स्वातंत्र्याचा विमा होता. तुम्हा-आम्हाला तो देव मान्य असो वा नसो, बाहेरून देणगी घेऊनही स्वतंत्र राहायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक सामाजिक संस्थेपुढे आजही आहे, आणि रमाबाईंनी त्याला दिलेलं उत्तर निदान विचारपूर्वक दिलेलं होतं.

त्या उत्तराची किंमतही होती. १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक उमाळ्याची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अनोळखी बोलींत बोलू लागल्या. जगभरच्या पेन्टेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव त्यामुळे कायमचं नोंदलं गेलं आहे. पण ज्या मुलींना आईबाप नव्हते, परतायला गाव नव्हतं, त्यांना या लाटेच्या बाहेर उभं राहायची कितपत मोकळीक होती? मुक्तीत हिंदू राहून मोठं होणं जवळपास अशक्य झालं होतं. शारदा सदनाच्या बोलीपासून ही मजल फार दूरची होती. रमाबाईंबद्दल आदर वाटणाऱ्यानेही हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

वेषाने, अन्नाने, भाषेने मात्र त्या इथल्याच राहिल्या. शाकाहार सोडला नाही. पांढरं सुती लुगडं सोडलं नाही. मराठी तर त्यांनी आणखी घट्ट धरली. जुन्या मराठी बायबलची संस्कृताने जड झालेली भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल पुन्हा सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. मराठी साहित्याच्या इतिहासांत या कामाला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, ही आपली उणीव आहे. मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल एकहाती मराठीत आणणारी बाई हे एरवी कुठल्याही भाषेने मिरवलं असतं.

आणि ते छापलं कुणी? मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायकांनी. देवनागरीचं खिळे-जुळवणीचं काम सोपं नव्हतं. काना-मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे, त्यांचे खण, प्रत्येक खणाची जागा पाठ हवी, ओळ उलटी वाचता यायला हवी. पुण्या-मुंबईतल्या छापखान्यांतले जुळारी पुरुष असत. केडगावला दुष्काळातून आलेल्या, काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नसलेल्या बायका हे काम करत होत्या. जुळवणी, मुद्रितं, छपाई, बांधणी, सगळं तिथेच. मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. आईचा सगळा कारभार जिच्यावर सोपवायचा होता ती मुलगी आधी गेली. त्या धक्क्यातही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं. बायबलची छपाई त्यानंतर पुरी झाली आणि १९२४ मध्ये ते बाहेर आलं.

केडगावला मुक्ती मिशन आजही आहे, मुलींची शाळा आणि निवासाची घरं चालू आहेत. त्याच गावाजवळ, बेटावर, नारायण महाराजांचं दत्तस्थान आहे. गुरुवारी, पौर्णिमेला भाविकांची रीघ लागते. दोन्हीकडे जाणारी माणसं एकाच स्टेशनवर उतरतात.

राहता राहिली शारदा सदनातली ती पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई. रमाबाईंचा विचार त्यांच्या धर्माबाहेर टिकतो का, याचा पुरावा मला तिच्या आयुष्यात मिळतो. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ च्या मार्चमध्ये, सदनावर टीकेचा भडिमार होत असतानाच, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला स्थिरावला. धर्मांतराचा प्रश्न बाजूला ठेवून विधवेला तिच्या पायावर उभं करायचं, हे त्या आश्रमाचं धोरण होतं. मुक्ती आणि हिंगणे या दोन संस्था एकमेकींच्या विरुद्ध मानल्या गेल्या, पण शारदा सदनाचा दुवा दोन्हींमध्ये आहे. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात रमाबाईंच्या आठवणी मायेने सांगितल्या आहेत. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हीही विधवा. ती हिंगण्यात शिकली, तिथेच शिक्षिका झाली, आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेला गेली. इंग्रजी जेमतेम येत होतं, जवळ पैसा नव्हता. तेव्हा तिथल्या घरांत मोलकरणीचं काम करून तिने आपला खर्च भागवला, भाषा शिकली आणि आश्रमासाठी निधी घेऊन परत आली.